‘काळ’ या शब्दाची यादीतली जागा

बोलीतल्या शब्दांची एक यादी मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत सांभाळते आहे. शब्द सापडेल तसा टाकायचा, पण यादी कायम वर्णक्रमाने लागलेली हवी.

पायथॉनच्या लिस्टला, म्हणजे यादीला, मध्येच घटक टाकणारं इन्सर्ट आहेच. त्याला इंडेक्स (शून्यापासून मोजलेला जागेचा क्रमांक) आणि वस्तू द्यायची. वस्तू त्या इंडेक्सवर बसते आणि तिथून पुढचे सगळे एकेक घर सरकतात. इंडेक्स यादीच्या लांबीपेक्षा मोठा दिला तर पायथॉन तक्रार न करता वस्तू शेवटी ठेवतो. उणे एक दिला तर ती शेवटी जात नाही, शेवटच्या घटकाच्या अलीकडे बसते. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली अ‍ॅरेलिस्ट मर्यादेबाहेरच्या इंडेक्सला सरळ एक्सेप्शन देते, म्हणजे चूक दाखवून काम थांबवते. मला तेच पटतं, कारण चुकीचा इंडेक्स तिथल्या तिथे पकडला जातो.

सरकवण्याला वेळ लागतो. रिकाम्या यादीत 1,00,000 शब्द एकेक करून शून्य इंडेक्सवर टाकले, तर सरकवासरकव सुमारे 500 कोटी वेळा होते. नुसतं सुरुवातीला टाकायचं असतं तर डेक (दोन्ही टोकांना झटपट भर घालता येणारी यादी) घेतला असता. पण मला मधल्या जागा हव्या होत्या, आणि डेकमध्ये मधला घटक गाठणंच संथ.

जागा शोधायला पायथॉनचं बायसेक्ट मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) घेतलं. दर वेळी उरलेली यादी अर्धी करत लाखभर शब्दांतली जागा साधारण 17 तुलनांत सापडते. त्यातलं इनसॉर्ट हे फंक्शन जागा शोधून शब्द तिथे टाकूनही देतं. सरकवणं टळत नाही, पण माझ्या यादीएवढ्या कामाला ते जाणवतही नाही.

खरा वेळ गेला तो ‘ळ’पाशी. पायथॉन अक्षरांची तुलना युनिकोडच्या, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, संकेतांकांनी करतो आणि तिथे ‘ळ’ ‘ल’च्या पुढे, ‘व’च्या आधी आहे. म्हणजे ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी बसणार. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. मराठी यादीत ‘काळ’ ‘काहूर’च्याही पुढेच हवा, यात तडजोड करायची माझी तयारी नव्हती.

पायथॉन 3.10 पासून बायसेक्टच्या फंक्शनांना ‘की’ देता येते, म्हणजे तुलनेआधी घटकाचं रूप बदलून देणारं एक फंक्शन. मी प्रत्येक अक्षराला मराठी क्रमातला आकडा देणारं एक छोटं फंक्शन लिहिलं आणि ते की म्हणून दिलं. इथे एक बारकावा आहे. इनसॉर्ट नव्या शब्दालाही की लावून मग शोधतं, तर नुसती जागा शोधणारं बायसेक्ट हे फंक्शन यादीतल्या घटकांनाच की लावतं. त्यामुळे शब्द आधीपासून यादीत आहे का हे बायसेक्टने बघताना आकड्यांचं रूप आपणच करून द्यायचं.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक नाहीत. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. म्हणून माझं फंक्शन आधी ही त्रिकुटं उचलतं, त्यांना ‘ळ’च्या पुढचे आकडे देतं आणि मगच उरलेल्या अक्षरांकडे वळतं.