सतरा नंबरचे काका

रात्रपाळीला पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर, एक मामा (म्हणजे वॉर्डबॉय) आणि चाळीस पेशंट. दीड-दोनच्या सुमारास जरा फुरसत मिळाली की मी मोबाईलवर चार-पाच पानं वाचते. त्या आठवड्यात टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ चालू होती. १८८६ सालची, छोटीशीच कादंबरी. पडद्यांच्या कामासाठी शिडीवर चढून घसरलेला, कुशीला मार बसलेला एक न्यायाधीश, त्याचं वाढत जाणारं दुखणं, आणि मूत्रपिंड की अपेंडिक्स यावर खल करणारे डॉक्टर. (आमचा सकाळचा राऊंड आठवला.)

मी अडकले ती गेरासिमपाशी. खेड्यातून आलेला तरणाबांड नोकर. मालकाचं शौचाचं भांडं नाक न मुरडता उचलतो. पाय उंच धरले की कळ कमी होते असं मालकाला वाटतं, म्हणून ते स्वतःच्या खांद्यांवर घेऊन रात्र रात्र बसतो. आणि त्या घरात खोटं न बोलणारा तो एकटाच. बाकी सगळे ‘नुसतं आजारपण आहे, बरे व्हाल’ म्हणत राहतात, आणि इव्हानला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

इथे मी मोबाईल पालथा ठेवला. तासाभरापूर्वीच सतरा नंबरच्या काकांना मी म्हटलं होतं, “दोन दिवसांत घरी जाल बघा.” स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केस पेपर माझ्याच हातात होता. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, झोप आली असेल.

सतराकडे मामा होता. पडून पडून पाठीला जखमा, म्हणजे बेडसोर, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. चादर ओढता ओढता कांद्याच्या भावावर त्याची बडबड चालली होती. काकांनी मध्येच विचारलं, “मी घरी जाईन का रे?”

“ते मला कुठं कळतंय, काका. आता इकडं वळा, पाठ ओली झालीया.”

काका वळले. मामानं पाठ पुसली, गुडघ्यांमध्ये उशी सरकवली. मी पायथ्याशी उभी. ‘बरं वाटेल हं’ ओठांवर आलंच होतं, ते गिळलं. पावलं गार पडली होती, ती हातात धरून बसले. थोड्या वेळानं विचारलं, “काका, दहापैकी किती दुखतंय?”

संध्याकाळी ‘चार’ म्हणाले होते. आता म्हणाले, “नऊ.”

निवासी डॉक्टरांना उठवलं. मॉर्फिनचा डोस वाढवून घेतला. तेवढ्यात तीस नंबरहून सलाईन संपल्याची हाक आली.

पहाटे चहाला मामानं विचारलं, “काय वाचता एवढं रातभर?” मी गेरासिमची गोष्ट सांगितली. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

“रातभर एकाचेच पाय धरून बसायचा?” तो म्हणाला. “मग बाकीच्यांचं कोण बघायचं?”

आणि बशी ठेवून पॉट गोळा करायला गेला.