तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हा फोन आम्हालाही आण ना’

नाशिकला गेले की पहिल्या दोन दिवसांत कधीतरी हा प्रसंग होतोच. कोणीतरी माझा फोन हातात घेतं, उलटा करून मागचं नाव वाचतं आणि विचारतं, ‘हे फेअरफोन काय प्रकरण आहे गं?’ मग मी कोपऱ्यात नख घालून मागचं झाकण काढते, बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवते, आणि सगळे असे बघतात जसं काही मी कानातून नाणं काढलंय. आत्याला तर तिचा जुना नोकियाच आठवला, पडला की तीन तुकडे व्हायचे आणि जोडले की परत चालू. ‘मग पुढच्या वेळी येताना हाच आण मला.’ हे आत्तापर्यंत आत्या, दीर, बाबांचा मॉर्निंग वॉकचा अख्खा ग्रुप आणि ऑफिसातली पुण्याची एक मुलगी, एवढ्या जणांनी म्हणून झालंय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

नाही आणणार. कंजूषपणा नाही, खरंच तुमच्या कामाचा नाही तो.

आधी मी का घेतला ते सांगते. मी राहते अ‍ॅमस्टरडॅमला खेटून, अ‍ॅम्स्टलव्हेनमध्ये, आणि इथे वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला तर नळाच्या किमतीपेक्षा त्याचं येणंच जास्त पडतं, मोबाइलचंही तेच. त्यामुळे जे आपल्याला घरी खोलता येतं तेच इथे खऱ्या अर्थाने दुरुस्त होतं. फेअरफोन ही इथलीच अ‍ॅमस्टरडॅमची कंपनी, 2013 पासूनची, आणि माझ्याकडे आहे तो फेअरफोन 5, 2023 मध्ये आलेला. तेव्हा 699 युरोंना होता, म्हणजे साठ हजारांच्या वर, आणि त्या पैशात यापेक्षा तडफदार प्रोसेसरवाले आणि भारी कॅमेरावाले फोन ढिगाने मिळत होते, हे आधीच कबूल करते. मी पैसे मोजले ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे त्याचे सुटे भाग कंपनी स्वतःच विकते, बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरे, चार्जिंगचा जॅक, स्पीकर, सगळं. आणि दुसरं म्हणजे 2031 पर्यंत सॉफ्टवेअर अपडेट देऊ असं लेखी सांगितलंय.

मागच्या पावसाळ्यात, म्हणजे इथे तसा तो बाराही महिने असतो, सायकलवरून उतरताना जॅकेटच्या खिशातून फोन विटांच्या रस्त्यावर तोंडावर पडला. चूक माझीच, खिशाची चेन उघडी होती. डिस्प्लेवर कोळ्याचं जाळं. नवीन डिस्प्ले शंभर युरोंच्या आसपास, ऑनलाइन मागवला, आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसले. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, मग साधे प्लसवाले स्क्रू, घरात असतो त्याच बारीक स्क्रू ड्रायव्हरने. लेक पोह्यांची बशी घेऊन बाजूला उभी, एकेक स्क्रू त्यात ठेवतेय आणि मोजतेय. एक स्क्रू टेबलाखाली गेला तो शोधण्यात दहा मिनिटं गेली, बाकी काम त्याहून फार जास्त नव्हतं. ना गरम करायचं ना ग्लू. चालू केला तर लेक म्हणाली, बस एवढंच? बस एवढंच.

आता हे ऐकून तुम्हाला तो फोन अजूनच हवासा वाटत असणार, म्हणून लगेच दुसरी गोष्ट सांगते, नाशिकचीच.

गेल्या डिसेंबरात बाबांच्या फोनची बॅटरी फुगली होती, इतकी की मागचं कव्हर एका बाजूने उचललं गेलं होतं आणि बाबा ते रबरबँड लावून वापरत होते. रबरबँड! (कृपया असं करू नका, फुगलेली बॅटरी म्हणजे पेटू शकणारी वस्तू आहे.) मी त्यांना घेऊन एमजी रोडला गेले. दुकान म्हणजे जेमतेम एक काउंटर, मागे पिना-स्क्रूंच्या डब्या, आणि विशी-बाविशीचा पोरगा. त्याने फोन गरम प्लेटवर ठेवला, दोन मिनिटांनी कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत नेली, कव्हर सुटलं. जुनी बॅटरी चिकटवलेली होती, ती त्याने इतक्या हलक्या हाताने सोडवली की मी श्वास रोखून बघत होते. नवी बसवली, कडेला ग्लूची बारीक रेघ, वर चार रबरबँड (हे बरोबर वापरलेले) आणि ‘काका, एक तास काढू नका’. नऊशे रुपये. जो फोन कंपनीने न उघडण्यासाठी बनवलाय तो त्याने अर्ध्या तासात उघडून मिटवून दिला, तेही माझ्याशी भारतात कधी परत येणार वगैरे गप्पा मारत.

बाबा खूश. दोनच आठवड्यांनी त्यांच्या बँकेचं अ‍ॅप उघडेना. ‘तुमच्या फोनवरची अँड्रॉइड आवृत्ती आता चालणार नाही, अपडेट करा.’ अपडेट शोधायला सेटिंगमध्ये गेलो तर फोन म्हणतो, तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. म्हणजे बँक म्हणते अपडेट कर, फोन म्हणतो करायला काही नाही, आणि मध्ये बाबा पेन्शन जमा झाली का ते बघायला चष्मा पुसतायत. ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघितली, 2020. फोन 2018 चा. डिस्प्ले धड, कॅमेरा धड, बॅटरी तर कोरी करकरीत. आणि तरी फोन गेलेला. एमजी रोडच्या पोराकडे परत गेलो तर तो म्हणाला, ‘ताई, हे माझ्या हातात नाही.’

तर माझं म्हणणं एवढंच आहे. फोन दोन ठिकाणी मरतो, एकदा स्क्रूच्या बाजूने आणि एकदा सॉफ्टवेअरच्या बाजूने. इकडे युरोपात स्क्रूची बाजू कमजोर, म्हणून इथे फेअरफोनसारख्या गोष्टीची मला गरज. तुमच्याकडे स्क्रूची बाजू तो पोरगा सांभाळतोय, आणि उत्तम सांभाळतोय. तुमचा फोन मरतो तो दुसऱ्या बाजूने, त्यामुळे तुम्ही पैसे तिकडे लावा. शिवाय फेअरफोन भारतात अधिकृत विकतच नाहीत, त्याचा डिस्प्ले एमजी रोडला काय, मुंबईत मनीष मार्केटला विचारलात तरी तोंडाकडे बघतील. मी एक फोन आणेन हो बॅगेतून, पण दरवेळी सुटे भाग कोण आणणार? जो दुरुस्त करायला परदेशातला नातेवाईक लागतो त्याला दुरुस्त होणारा फोन कसं म्हणायचं.

मग बघायचं काय. सगळ्यात आधी तारीख. दुकानदार सांगतो ‘सात साल अपडेट’, पण ती सात वर्षं तुम्ही बिल फाडल्यापासून नाही, फोन बाजारात आल्यापासून मोजतात. गुगलने आपल्या पिक्सेल 8 फोनपासून सात वर्षं सुरू केली, तो आला ऑक्टोबर 2023 ला, म्हणजे ऑक्टोबर 2030 ला त्याचे अपडेट संपणार. सेलमध्ये अर्ध्या किमतीत दिसतो म्हणून आज घेतलात तर सातातली बरीच वर्षं दुसऱ्याच कोणीतरी खाल्लीयेत. सॅमसंगने जानेवारी 2024 च्या एस 24 पासून तेच सात वर्षांचं धरलं. आणि ‘अँड्रॉइड अपग्रेड’ (म्हणजे नवी आवृत्ती) वेगळं, ‘सिक्युरिटी अपडेट’ (म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणं) वेगळं, दोन्हींचे आकडे वेगळे असू शकतात. बाबांच्या बाबतीत बँकेने अडवलं ते अँड्रॉइडच्या आवृत्तीवर, त्यामुळे दोन्ही आकडे विचारा, आणि विक्रेत्याला नाही, कंपनीच्या साइटवर बघा. आयफोनवाले आकडा आधीपासून मोठ्याने सांगत नाहीत पण करतात नीट, 2018 च्या आयफोन एक्सएसला 2024 चं आयओएस 18 मिळालं.

कंपन्या अपडेट बंद का करतात हा दिराचा प्रश्न होता, त्याला वाटतं निव्वळ बदमाशी. थोडी आहेच. पण एक खरं कारण चिपचं आहे. फोनमधला प्रोसेसर बनवणारी कंपनी वेगळी, तिने त्या चिपसाठी लागणारं आतलं सॉफ्टवेअर देणं थांबवलं की फोनवाल्याला पुढचं अँड्रॉइड चढवणं महाकठीण जातं. फेअरफोन 2 ला हेच झालं होतं. 2015 च्या डिसेंबरात आला, चिप स्नॅपड्रॅगन 801, ती बनवणाऱ्या क्वालकॉमने तिला अँड्रॉइड 6 नंतर सोडून दिलं. तरी फेअरफोनवाल्यांनी स्वतःच्या जोरावर 7, मग 9, मग 10 चढवलं आणि मार्च 2023 पर्यंत तो चालवला. सात वर्षं. पण केवढा खटाटोप! म्हणून फेअरफोन 5 मध्ये त्यांनी फोनची नेहमीची चिप न घेता कारखान्यातल्या यंत्रांसाठी असते तसली चिप घेतली, क्यूसीएम 6490, कारण तिला क्वालकॉम खूप वर्षं सांभाळतं. वेग मध्यमच, आयुष्य लांब.

इथे पुतण्या मध्ये पडतो. काकू, तुझ्या बाबांच्या फोनवर लिनिएजओएस टाकू, हौशी लोकांनी बनवलेलं, फुकट नवीन अँड्रॉइड. टाक की, मलाही आवडतं ते. पण त्यासाठी फोनचं मूळ कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावं लागतं, आणि मग गुगलच्या तपासणीत तो फोन नापास व्हायची शक्यता मोठी, आणि बरीच बँकेची अ‍ॅप्स त्या तपासणीवरच चालतात. म्हणजे ज्या अ‍ॅपसाठी हा उद्योग करायचा नेमकं तेच रुसणार. तुझ्या जुन्या फोनवर कर, पंच्याहत्तरीच्या माणसाच्या पेन्शनवर नको.

तारीख झाली की दुसरं काम, आणि हे कोणीच करत नाही: फोन घ्यायच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याला विचारा, ह्या मॉडेलचा फोल्डर केवढ्याला, ओरिजिनल किती, कॉपी किती. (फोल्डर म्हणजे त्यांच्या भाषेत काच, टच आणि डिस्प्ले सगळं एकत्र.) तो लगेच आकडा सांगेल तर समजा माल येतो. ‘मागवावा लागेल, बघतो’ म्हणाला तर त्या मॉडेलचा नाद सोडा. भरपूर खपलेल्या मॉडेलचे भाग वर्षानुवर्षं मिळतात, हा कंटाळवाण्या फोनचा मोठा फायदा आहे. कडेला वळलेली काच असेल तर घेऊ नका, फुटते लवकर आणि बदलायला महाग. आणि बोटाचा ठसा स्क्रीनच्या आत घेणारा फोन असेल तर हे लक्षात ठेवा की महागड्या अ‍ॅमोलेड स्क्रीनच्या जागी स्वस्तातली एलसीडी कॉपी बसवली की तो ठसा बहुतेक वेळा चालत नाही. कडेच्या पॉवर बटणावर ठसा असलेला बरा. हे ज्ञान माझं नाही, त्याच पोराचं.

‘पण बॅटरी निघणारा फोन वॉटरप्रूफ नसतो ना?’ असंही हमखास येतं. सॅमसंगचा एक्सकव्हर 7 आहे, भारतातही आणला होता, मुख्यतः कंपन्यांच्या खरेदीसाठी. बॅटरी हाताने निघते आणि आयपी 68, म्हणजे पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा, पण आहे. जमतं, करायचं नसतं. युरोपात आता जून 2025 पासून नियमच केलाय, फोनच्या खोक्यावर दुरुस्तीचा दर्जा ए ते ई असा छापायचा आणि मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं मुख्य सुटे भाग द्यायचे. भारत सरकारनेही 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं आणि पुढे असा दुरुस्ती निर्देशांक आणायला समिती नेमली, तिने 2025 मध्ये अहवालही दिला. पण आत्याला फोन आत्ता हवाय.

तर आत्याला काय घेतलं ते सांगते. बजेट वीस हजार. तिच्यासाठी सॅमसंगचा ए 16 5जी घेतला, 2024 च्या ऑक्टोबरात आलेला, या किमतीत सहा वर्षांचं अँड्रॉइड आणि सिक्युरिटी दोन्ही मिळतं, काच सपाट, ठसा कडेला. रॅम मात्र मी हट्टाने 8 जीबीच घ्यायला लावली, कारण सहा वर्षांनंतरचं अँड्रॉइड 4 जीबीवर आलं तरी त्याला हलायला जागा हवी ना. फोल्डरचा भाव घ्यायच्या आधी विचारला. फोन मठ्ठ आहे का? जरासा आहे, पिक्सेलशेजारी ठेवलात तर कळतं. आत्याने शेजारी ठेवलेला नाही.

तिने बॉक्स उघडल्या उघडल्या कोपऱ्यात नख घालून बघितलं, झाकण निघतंय का. ‘नाही गं निघत हे.’ नाहीच निघत, आत्या.

बाबांनीही नवीन घेतला. जुना आता स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो, सिम काढलेलं, बँकेचं अ‍ॅप काढलेलं, सकाळी त्यावर अभंग लागतात. बॅटरी नवीन आहे ना, दोन-दोन दिवस चार्ज करावा लागत नाही, हे बाबा प्रत्येक व्हिडिओ कॉलला सांगतात.