माळ्यावरच्या डब्यातलं इंजिन

रविवार, रात्री साडेअकरा

दोनदा साबण लावून धुतले तरी हाताचा एरंडेलाचा वास जात नाहीये, आणि खरं सांगू का, जाऊच नये असं वाटतंय.

पंधरा दिवसांपूर्वी आत्याचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर रिकामं करायला गेले होते, तेव्हा माळ्यावर पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात हे मिळालं. मुठीत मावेल एवढं, अ‍ॅल्युमिनियमचं, वर आडव्या दांडीचा एक स्क्रू, पुढं शाफ्ट, आणि नाव नंबर कुठंच काही नाही. आत्या म्हणाली, "औषध मारायच्या पंपाचं असंल गं, टाक जा भंगारात." मी पर्समध्ये टाकलं.

पिस्टन पार जाम होता. सगळीकडं तपकिरी, वार्निशसारखा चिकट थर. पक्कडीनं फिरवायचा मोह फार झाला पण नाही फिरवलं ते बरं झालं, मॉडेल विमानाच्या असल्या छोट्या इंजिनाला पिस्टनरिंगच नसते, बीडाचा पिस्टन स्टीलच्या सिलेंडरमध्ये घासून घासून बसवलेला असतो आणि एक ओरखडा पडला की कॉम्प्रेशन गेलं. हेअर ड्रायरनं हळूहळू गरम केलं, दोन थेंब तेल सोडलं, असं चार-पाच वेळा. तेव्हा आत्या माझ्याकडंच राहायला आलेली, ती आतल्या खोलीतून उठून आली आणि दारातच थांबली. "हा वास भाऊजींच्या खोलीचा. एरंडेल आणि दवाखाना."

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होते, आता बेंगळुरूला असतात. तेव्हाच फोन करायला हवा होता. पण मला ते आधी स्वतः ओळखायचं होतं, माणसाला विचारण्याआधी वस्तूला विचारून बघावं असं काहीतरी डोक्यात बसलेलं.

बुधवारी सुट्टी टाकून उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या लेथवाल्या मेस्त्रींकडं गेले. ऑइल इंजिनात सगळा जन्म गेलेला माणूस. पहिला प्रश्न, "ह्याला प्लग कुठाय?" प्लगचं भोकच नाही, म्हणजे स्पार्कचं नाही आणि ग्लो प्लगचंपण नाही (ग्लो प्लग १९४७ला अमेरिकेत बाजारात आला, प्लॅटिनमची तार असते त्यात, ती तापलेली राहून इंधन पेटवते). दुसरा प्रश्न, "मग डिझेल म्हणावं तर नोझल कुठाय?" नोझलपण नाही. मॉडेलवाले याला डिझेल म्हणतात पण इंधन फवारायचं पंप-नोझल काही नसतं, कार्बोरेटरमधूनच इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समान भागात मिसळून आत जातं. इथर १६० अंशाच्या आसपास आपोआप पेटतं म्हणून नुसत्या दाबावर चालतं, ताकद रॉकेलची आणि वंगण एरंडेलाचं. दवाखान्याचा वास तो इथरचा!

मेस्त्रींनी वरचा स्क्रू फिरवून बघितला आणि एकदम खूश झाले. सिलेंडरच्या माथ्याशी अजून एक छोटा पिस्टन, स्क्रू आवळला की तो खाली सरकतो आणि कॉम्प्रेशन वाढतं, म्हणजे चालू इंजिनाचं कॉम्प्रेशन दोन बोटांनी कमीजास्त करायचं. "आमच्या इंजिनाला हे न्हवतं बगा," म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास गिऱ्हाईक आलं तरी मान वर केली नाही.

व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ८.५ मिमी. मागचं झाकण खोलून क्रँकपिन मध्यापासून किती लांब ते मोजलं तर ६.६, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) दुप्पट, १३.२. हिशेब केला, पाऊण सीसी. बोअरपेक्षा स्ट्रोक एवढा लांब, शिवाय हवा आत घ्यायची नळी शाफ्टमध्ये नाही तर मागनं थेट सिलेंडरच्या खालच्या अंगात उघडणारी, पिस्टन वर गेला की ते दार उघडतं. ही चाळीसच्या दशकातली पद्धत, असलं इंजिन उलट्या सुलट्या दोन्ही दिशांना फिरतं. आटे मेट्रिक गेजला बसेनात, मेस्त्रींनी कुठूनतरी जुना बीए गेज काढला आणि तो चपखल बसला. बीए म्हणजे ब्रिटिश आटे. जपानी असतं तर मेट्रिक असते.

एवढं सगळं एका ठिकाणी जुळतं ते म्हणजे मिल्स पॉइंट सेव्हन फाइव्ह, इंग्लंडात वोकिंगला व्हायचं. रात्री जुने फोटो आणि हे शेजारी ठेवून बघत बसले. आकार तोच, पण ओतकाम जरा जाडसर, कडा हातानं कानस मारल्यासारख्या. फौंड्रीच्या गावात वाढलेय, एवढं कळतं. हे वोकिंगचं नाही, कुणीतरी त्यावरून केलेलं आहे.

आज दुपारी सगळं पुसून, ताजं एरंडेल लावून जोडलं आणि मग काकांना, म्हणजे आत्याच्या भाऊजींना, फोन लावला. आत्या शेजारीच. मी मोजमापं सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "अगं ऑरोराचं ते. कलकत्त्याचं. मिल्सची कॉपी. मनीऑर्डर करून मागवलंतं." गांधी मैदानात दोन तारांवर विमान गोल गोल फिरवायचे, मध्ये उभं राहून स्वतःपण फिरायचं, उतरलं की पाच मिनिटं जमीन फिरायची, हे सगळं एका दमात. मग गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"पिस्टन सुटला?"

सुटला म्हणलं.

"फोन जवळ धर आणि शाफ्ट फिरव."

पंखा नाही म्हणून चिमटीत धरून फिरवला. आधी घट्ट, मग वरच्या टोकाला पोचून सुटताना बारीक फट् असा आवाज. आत्यानं फोन अजून जवळ नेला.

"परत," काका म्हणाले.