बाबांनी टाळ्या कुणाला वाजवल्या

मागच्या जूनमध्ये बाबा साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनला आले होते. एका रविवारी त्यांना आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानावर नेलं, घडीच्या खुर्चीत बसवलं आणि माझं रिमोटवर उडणारं दोन मीटरचं विमान वर काढून पॅटर्नचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने मोजूनमापून करायच्या हवाई कसरतींचा, अख्खा सिक्वेन्स उडवला. घामाघूम होऊन उतरवलं, वळून बघतो तर बाबा थर्मासमधून चहा ओतून घेत होते. म्हणाले, "हं, आता कर सुरू."

शेजारी एका कॉलेजच्या पोराने फोमचं विमान शेपटीवर उभं केलं. डोक्याइतक्या उंचीवर, प्रोपेलरला टांगल्यासारखं, स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेत. त्याला टॉर्क रोल म्हणतात. बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले.

मला राग आला, पण बाबांचं चूक नव्हतं. पॅटर्न उडतो दीडशे मीटर लांब. लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, खरंच गोल आहे का, रोल, म्हणजे विमानाची स्वतःभोवतीची गिरकी, ऐन मध्यावर आला का, हे जज्जला दिसतं. खुर्चीतल्या माणसाला नुसतं एक विमान वर-खाली करताना दिसतं.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. इथून अर्ध्या तासावर स्प्रिंगफील्डला 1977 साली पॅटर्नची जागतिक स्पर्धा झाली होती. आमच्या क्लबातले सत्तरी ओलांडलेले एक आजोबा तेव्हा कुंपणाशी उभे होते. ऑस्ट्रियाचा हानो प्रेटनर 'क्युरारे' नावाचं विमान घेऊन आला आणि जिंकून गेला. दहा सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद वाढवणारा ट्यून्ड पाइप, चाकं पोटात ओढून घेणारं विमान. आजोबा त्या आवाजाची नक्कल करून दाखवतात, दातांतून शिट्टी काढत. फिगर, म्हणजे एक कसरत, झाली की विमान लांब जायचं, हवं तसं वळून परत यायचं. त्या वळण्याला गुण नव्हते. पायलटला तेवढ्यात श्वास घेता यायचा.

1980च्या दशकात टर्नअराउंड नावाची नवी पद्धत आली आणि ती उसंत गेली. आता वळणंही गुणांची, आणि सगळं डावी-उजवीकडे साठ-साठ अंशांच्या चौकटीत. वेग एकसारखा हवा, आवाज कमी हवा. मग मोठी फोर-स्ट्रोक इंजिनं आली, नंतर बॅटऱ्या, आता एकावर एक उलटे फिरणारे दोन प्रोपेलर. उड्डाण देखणं झालं यात वादच नाही. पण नवशिक्याचे हाल होतात. इंडियानातल्या मन्सीच्या स्पर्धेत माझा डावीकडचा स्टॉल टर्न, म्हणजे सरळ वर जाऊन कलंडून खाली यायची फिगर, वाऱ्याने चौकटीबाहेर ढकलला, परतताना पुढचा लूप मध्य सोडून सुरू झाला, आणि तिथून शेवटपर्यंत मी नुसती उधारी फेडत होतो.

प्रेक्षक केव्हाच दुसरीकडे गेले होते. लास व्हेगासची 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स' 1974 ते 2002 चालली. तिथे विमानं वाढत वाढत अवाढव्य झाली आणि फ्रीस्टाइल, म्हणजे मनाला येतील त्या कसरती, संगीतावर. अर्जेंटिनाच्या कीके सोमेन्झिनीसारख्यांनी विमान हवेत उभं करायची कला तिथे गाजवली. खरं सांगायचं तर ती सोपी नाही. मी एकदा करून बघितली, दहा सेकंदांत विमान गवतात. पण फोमचं विमान डिंकाने चिकटतं आणि पोरं दुपारी परत उडवतात. माझ्या एका बॅटरीसंचाच्या पैशात त्यांचं जवळजवळ अख्खं विमान येतं. आमच्या क्लबात पॅटर्नवाले दोनच उरलोत, मी आणि ते आजोबा.

गंमत म्हणजे तो पोरगाही यंदा फारसा दिसत नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून ड्रोनच्या शर्यतीत उतरतो म्हणे.

परत जायच्या आधी बाबांना मी कॉलर केलं. कॉलर म्हणजे पायलटच्या मागे उभं राहून पुढची फिगर सांगणारा. कार्डावरच्या बाणांच्या आकृत्या बाबांना दोन दिवसांत पाठ. इंग्रजी नावं मात्र त्यांनी धुडकावली. "आता सरळ वर... अर्धा पलट... थांब, थांब... हं, आण खाली." तिसऱ्या फेरीला माझा लूप जरा चपटा झाला तर मागून आवाज, "अरे, हा अंड्यासारखा झाला."