पानशेतचं पाणी जाळीवर: तालमीची खबर

मंडळी, पाणी आता नटीचं ऐकायला लागलंय.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवशी नदीकाठच्या पेठेत अडकलेल्या एका बाईचं एकपात्री बसवतोय. समोर जाळी, मागे ती, जाळीवर प्रोजेक्टरने टाकलेलं, चढत जाणारं पाणी. ती हात मारते तसं ते सरकतं.

अडचण होती उशिराची. डेप्थ कॅमेरा (समोरचं किती लांब आहे ते मोजणारा) सेकंदाला ३० फ्रेम देतो, त्यावर संगणकाचं गणित, त्यावर प्रोजेक्टर. हात थांबल्यावर लाट उठायची. महागडा कॅमेरा घ्या असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी त्याऐवजी पाणीच जड केलं. टचडिझायनर या चित्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताची जागा थेट लाटेला न जोडता हाताच्या वेगाचा फक्त धक्का देतो, पुढचं पाणी स्वतःच्या ओढीने जातं. उशीर तेवढाच आहे, पण पुराचं पाणी जरा मागाहून हललं तर कोणाला खटकत नाही. भिंत कोसळते तो क्यू (ठरल्या क्षणी चित्र बदलायचा इशारा) मात्र कॅमेऱ्यावर सोडलेला नाही. तिथे ऑपरेटर तिचा श्वास ऐकून बटण दाबतो, आणि माझं मत विचाराल तर तेच बरं.

साधा वेबकॅम घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: त्याला पडद्यावरचं पाणीसुद्धा हालचाल वाटते, मग पाणी पाण्यालाच ढकलत बसतं. डेप्थ कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर बघतो, त्याला प्रोजेक्टरचं चित्र दिसतच नाही. पण जुने हॅलोजन पार (रंगमंचाचे दिवे) भरपूर इन्फ्रारेड ओकतात, त्यामुळे आमच्या प्रकाशयोजनाकाराशी चांगलीच जुंपली. शेवटी एलईडी पार, तेही फक्त विंगेतून, जाळीवर उजेड सांडणार नाही असे.

जाळी म्हणजे मच्छरदाणीचं काळं कापड, बोहरी आळीतून आणलेलं. पांढरी उजळ दिसते, पण नटीला खाऊन टाकते. काळ्या जाळीतून बराच प्रकाश निसटतो आणि मागच्या भिंतीवर दुसरा पूर येतो. प्रोजेक्टर वर टांगून तिरका मारला, तेव्हा तो दुसरा पूर जमिनीवर उतरला. घरात पाणी शिरायलाच हवं होतं, आयतं काम झालं!

तालमीला आलेल्या एका काकांनी विचारलं, "अहो, हे नाटक की सिनेमा?" कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यापुढे हलवून शांबरिक खरोलिकेचे खेळ केले, सोबत निवेदन आणि संगीत. तिथेही चित्र माणसाच्या बोलण्यामागून चालायचं. काकांना एवढंच सांगितलं, ते म्हणाले, "मग तिचा आवाज वाढवा, पंख्याखाली ऐकू येत नाही."

खरंय. प्रोजेक्टरचा पंखा तिच्या डोक्यावरच घोंघावतो. खोकं घातलं तर तो तापतो. कोणी हवा खेळती ठेवून आवाज दाबणारी पेटी केली असेल, तर मापं कळवा.