पोलीस आणि संशयित यांची प्रेमकथा छापून येईपर्यंत – माझा अनुभव

पुस्तक आलं एकदाचं. २०८ पानं, डेमी साईज, ३०० प्रती, सगळे खोके आमच्या इंदिरानगरच्या घरात टीव्हीखाली रचलेत. पण हे लिहितेय ते पुस्तकाचं कौतुक सांगायला नाही. मधले अकरा महिने एका प्रकाशकाकडे वाया गेले त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. नाशिकात बसून कुणी पहिली कादंबरी लिहीत असेल तर त्याचे तरी ते महिने वाचावेत.

कादंबरी थोडक्यात अशी. दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षाचं पॅकहाऊस, जानेवारी २०२३, एक्सपोर्टचा सीझन नुकता सुरू झालाय आणि प्री-कूलिंगच्या, म्हणजे माल थंड करायच्या खोलीत भागीदाराचा मृतदेह सापडतो. संशय पॅकहाऊस चालवणाऱ्या मीरावर. तपास करणारा पीआय (पोलीस निरीक्षक) हळूहळू तिच्याकडे ओढला जातो, आणि खून तिने केलाय की नाही हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुढचं सांगत नाही.

मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रात्री जेवणं आटोपली की लिहायला बसायचे. वर्ष गेलं, झालं लिहून.

पहिला ड्राफ्ट आमच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड पोलीस काकांना दिला. रोज सकाळी गोल्फ क्लबला, म्हणजे कान्हेरे मैदानावर, चालायला येतात. आठ दिवसांत वाचून दिला त्यांनी, आठ दिवसांत! हे मुद्दाम सांगतेय, पुढे अकरा महिन्यांचं येणार आहे. माझा सगळ्यात आवडता सीन असा होता की अवकाळी पाऊस पडतोय, रात्री साडेअकराला तो मीराला अटक करून पोलीस स्टेशनला आणतो, लाईट जातात, दोघंच समोरासमोर. काका म्हणाले, "ताई, हा सीन होऊच शकत नाही." सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. चौकशीला सुद्धा बाईला स्टेशनला बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरी जायचं. आणि मी तर तपास नाशिक शहर पोलिसांकडे दिला होता, काका म्हणे दिंडोरी आयुक्तालयात येतच नाही, ते ग्रामीणला, एसपींकडे, खुनाच्या तपासात तुमचा माणूस एलसीबीचा, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचा दाखवा. शेवटी मीरा त्याच्यासमोर सगळं सांगून टाकते तेही गेलं, कारण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की माझी प्रेमकथा तर इथेच आहे. आता माझ्या पुस्तकात ते दोघं एकदाही एकटे भेटत नाहीत. तो तिच्या घरी जातो, शेजारी महिला पोलीस बसलेली, आणि परत आल्यावर केस डायरीत किती वाजता गेलो, कुठे गेलो, किती वाजता संपवलं हे लिहावं लागतं. पाचव्यांदा गेला तर पाचव्यांदा लिहावं लागतं. तिथे त्याचा पेन थांबतो. आणि काकांनीच सांगितलेली अजून एक गोष्ट, खुनाच्या केसमध्ये आरोपी कोठडीत असेल तर पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत चार्जशीट गेलं पाहिजे, नाही गेलं तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे तिला बाहेर काढायला ह्याला काहीच खोटं करायची गरज नाही, नुसतं हळू काम केलं तरी पुरे! अख्खी कादंबरी मी त्या ९० दिवसांवर परत बांधली. ८१व्या दिवशी तो एसपींना अर्ज लिहितो की हा तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. अर्ध्या पानाचा अर्ज, कारणाच्या जागी फक्त "वैयक्तिक कारणास्तव". पूर्ण पुस्तकात प्रेम हा शब्द नाही, तो अर्ज आहे. तो मी एकोणीस वेळा लिहिलाय आणि मला त्याचा अभिमान आहे.

तर असं नीट केलेलं हस्तलिखित घेऊन डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातल्या एका प्रकाशकांकडे गेले. नाव घेत नाही. ठक्कर बाजारहून पहाटेची बस, जाऊन येऊन सगळा दिवस. स्पायरल केलेली प्रिंट दिली, वर निळं रबर दोन वेढे मारून लावलं होतं कारण आत वेगळ्या कागदावर पात्रांची यादी होती ती पडू नये. सर चांगलं बोलले, चहा दिला, म्हणाले "दोन महिन्यांत कळवतो." मी पोच मागितली नाही. ही पहिली चूक, आणि सगळ्यात मोठी. पोच नाही, ईमेल नाही, तारीख नाही.

फेब्रुवारीत फोन केला, वाचन चालू आहे. मार्चमध्ये, सर बाहेरगावी आहेत. एप्रिलमध्ये ज्या मुलीने उचलला तिला हस्तलिखित आलंय हेच माहीत नव्हतं, तिने माझ्याकडून कथानक विचारून घेतलं आणि मी वेड्यासारखं वीस मिनिटं फोनवर सांगत बसले, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, लंच टाईममध्ये. मे मध्ये, दिवाळी अंकाची तयारी सुरू झालीय जरा थांबा. मे मध्ये! जून पूर्ण फोनच उचलला नाही.

मग जुलैत न सांगता गेले. सर नव्हते. त्या मुलीने आतल्या खोलीत नेलं, भिंतीला लागून ढीग होते, शोधायला मीच खाली बसले. तिसऱ्या ढिगात सापडलं. वर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि निळं रबर तसंच, दोन वेढे, माझ्याच पद्धतीने एकावर एक. सात महिने झाले होते आणि रबर कुणी काढलेलंच नव्हतं. मी ते हातात घेऊन बसून राहिले. रडू आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्याच वेळी परत घेऊन यायला पाहिजे होतं, पण ती मुलगी म्हणाली ताई प्लीज राहू द्या मी स्वतः सरांच्या टेबलवर ठेवते, आणि मी ठेवून आले. बसमध्ये संगमनेर येईपर्यंत स्वतःवरच चिडत होते.

इथे एक सांगायचं राहिलं, हस्तलिखित कुणाच्याही हातात देण्याआधी कॉपीराईटची नोंदणी करून घ्या, मी ती ह्या फेरीनंतर केली. ऑनलाईन अर्ज, फॉर्म १४, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, डायरी नंबर मिळतो, मग कुणाचा आक्षेप असेल तर त्यासाठी ३० दिवस थांबायचं. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क आपलाच असतो, पण हातात कागद असला की झोप लागते. फक्त "पोलीस संशयिताच्या प्रेमात पडतो" ही कल्पना कुणाच्या मालकीची होत नाही, आपण जसं लिहिलं ते आपलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर आलं. व्हॉट्सॲपवर, चार ओळी. एक, कायदे बदललेत, तुमची सगळी कलमं जुनी आहेत, पुन्हा लिहा. दोन, पोलीस आणि ती शेवटी एकत्र यायला हवेत. तीन, दोघांचा रात्रीचा पोलीस स्टेशनमधला एखादा सीन घाला.

पहिल्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. नवीन कायदे, भारतीय न्याय संहिता वगैरे, १ जुलै २०२४ ला लागू झाले. मी हस्तलिखित दिलं डिसेंबर २०२३ ला. तुमच्याकडे पडून असताना कायदे जुने झाले आणि चूक माझी? आणि मुळात चूक नाहीच! गुन्हा जानेवारी २०२३ चा आहे, तेव्हा जो कायदा होता तोच लागणार, खुनाला ३०२च, नव्या संहितेतलं १०३ नाही. माझी चार्जशीटची ९० दिवसांची मुदतही एप्रिल २०२३ मध्येच संपते. पहिल्या पानावर तारीख लिहिलीय. पहिलं पान वाचलं असतं तरी कळलं असतं. (तुम्ही आता लिहीत असाल तर गुन्ह्याची तारीख आधी पक्की करा आणि मग कलमं शोधा. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी घटनास्थळी जायचं असं नव्या कायद्यात आहे, झडतीचं व्हिडिओ शूटिंगही आहे, म्हणजे सीनच बदलतात.)

तिसऱ्या मुद्द्यावर तर मी काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात, ताई, सोडून द्या." त्याच रात्री उत्तर पाठवलं की हस्तलिखित परत करा, मी स्वतः काढते. ते हस्तलिखित आजतागायत परत आलेलं नाही.

त्यानंतरचं सगळं इतकं सरळ झालं की अकरा महिने कशाला थांबले असं वाटतं. आयएसबीएन लेखक स्वतःही मागू शकतो, सरकारी पोर्टलवर, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कुणी "आयएसबीएन काढून देतो, इतके हजार द्या" म्हणालं तर देऊ नका. छपाई सातपूरला केली. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून पानं सोळाच्या पटीत बसवा, माझी २०१ होत होती, सात कोरी गेली असती, तिथे द्राक्षाच्या कामातल्या शब्दांची यादी घातली, खरड छाटणी, गोडी छाटणी वगैरे, शहरातल्या वाचकांना उपयोगी पडली.

प्रुफं मात्र स्वतः वाचा, तीनदा. मी युनिकोडमध्ये टाईप केलं होतं, डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये घेतलं आणि सगळे रफार उडाले. "सूर्यास्त" सगळीकडे "सूयास्त" झालं होतं, आणि माझ्या गोष्टीत अटक सूर्यास्ताच्या आधी होते की नंतर ह्यावरच अख्खं प्रकरण उभं आहे. ४३ जागी हाताने दुरुस्त केलं. एक राहिलंय, पान ११२, वाचणाऱ्यांनी माफ करा.

आणि प्रकाशकाकडे दिलंच तर पोच घ्या, तारीख लिहून घ्या, "तीन महिन्यांत उत्तर न आल्यास मी दुसरीकडे देण्यास मोकळी आहे" असं ईमेलवर एक वाक्य पाठवून ठेवा. एवढ्या एका वाक्याने माझे आठ महिने वाचले असते.

शेवटचं एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पुस्तक स्वतः काढलं की आपण प्रकाशक होतो, आणि १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ३० दिवसांत आपल्या खर्चाने प्रती पाठवायच्या असतात, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. मी चारही पाकिटं घेऊन पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी एक पाकीट उघडं होतं त्यातून पुस्तक काढून मागचा मजकूर वाचला, रांगेत माझ्यामागे सहा जण उभे असताना, आणि विचारलं, "मग तो सोडतो का तिला?" मी नाही सांगितलं. त्यांनी पुस्तक परत आत सरकवलं, चिकटवलं आणि वजन केलं, २७० ग्रॅम.