मुकी डबी

दुपारी घर निजलं की फ्रिजचा कॉम्प्रेसर एकदाचा थांबतो, आणि तो थांबला की कळतं, तो एकटा बोलत नव्हता. मागे आणखी एक आवाज उरतो. बारीक, एकसुरी, डासासारखा. पण डास निदान जागा तरी बदलतो. हा आपला टीव्हीच्या कपाटामागून हलायला तयार नसतो. वाकून पाहिलं की सापडतो नेटवर्क स्विच, आणि त्याच्या पोटातला चार सेंटिमीटरचा पंखा.

‘स्विच’ हा शब्द मराठी घरात तसा गैरसमजाचाच. नवा स्विच घ्यायचाय म्हटलं की समोरच्याची नजर भिंतीकडे जाते, कुठलं बटण गेलं? भिंतीवरचा स्विच दाबण्यासाठी असतो. याला बहुधा बटणच नसतं. एका तारेतून आलेला मजकूर कुणासाठी आहे ते वाचायचं आणि नेमका त्याच्या तारेत सोडायचा, एवढंच याचं काम. याच्या आधी हब होता. तो आलेलं सगळं सगळ्यांना ओरडून सांगायचा आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जायचं.

अनेक पोर्टांचा, म्हणजे केबली खोचायच्या अनेक भोकांचा, पहिला इथरनेट (तारांच्या जाळ्याचा) स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आला. सात पोर्टांचा होता. काढणाऱ्या कंपनीचं नाव ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोनं ती विकत घेतली. तेव्हा ‘स्विच म्हणजे काय, काही कल्पना आहे का?’ असं कुणी विचारलं, तर ‘हो, कल्पनाच’ हे उत्तर तंतोतंत बरोबर आहे. त्यावर समोरचा हसत नाही, हा भाग वेगळा.

असो. आवाजाकडे येऊ. त्याआधी वेगाकडे यावं लागतं, कारण आवाज वेगाच्या पोटी जन्मतो.

तांब्याच्या केबलवरून सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी बिट, हे मानक १९९९ चं. दहा गिगाबिटचं २००६ चं. आणि अडीच नि पाच गिगाबिटचं मानक आलं २०१६ मध्ये, म्हणजे दहाच्याही दहा वर्षं नंतर. एक, मग दहा, आणि मग कुणाला तरी अडीच आठवले. पावकी-निमकी-दिडकी-अडीचकी घोकलेल्यांना याचं नवल वाटू नये. अपूर्णांकाची गरज पुरता हिशेब मांडल्यावरच कळते. झालं होतं असं, की वायफायचा सिग्नल सोडणारे ॲक्सेस पॉइंट एका गिगाबिटच्या पुढे गेले, आणि भिंतीत गाडलेली जुनी केबल उपटायला कुणीच तयार नव्हतं. अडीच गिगाबिट त्याच जुन्या, कॅट-५-ई प्रतीच्या केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं. दहाला १०० मीटरसाठी वरची प्रत, कॅट-६-ए, लागते. साध्या कॅट-६ वर ते फार तर ५५ मीटर जातं, आणि केबलींचा जुडगा घट्ट बांधलेला असेल तर त्याहून कमी.

घरात अडीच की दहा, हे इंटरनेटच्या जाहिरातीवरून ठरवू नये. स्विचनं इंटरनेट वाढत नाही. बाहेरून येणारी धार जेवढी तेवढीच राहते, आणि राउटरचं घराकडचं पोर्टच एका गिगाबिटचं असेल तर तिथेच ती अडते. वेग लागतो तो घरातल्या घरात, संगणकावरून नॅसवर, म्हणजे घरातल्या सामायिक साठवणीच्या डबीवर, फोटो, व्हिडिओ, बॅकअप ढकलताना. तिथे हिशेब सोपा आहे, आठ बिटांचा एक बाइट. एक गिगाबिटवर सेकंदाला प्रत्यक्षात ११०-११५ मेगाबाइट पडतात, अडीचवर २९० च्या आसपास, दहावर ११५० च्या. म्हणजे १०० गिगाबाइटचा ढीग हलवायला साधारण पंधरा मिनिटं, सहा मिनिटं आणि दीड मिनिट. पण समोर फिरती हार्ड डिस्क असेल तर तीच सेकंदाला दीडशे-अडीचशे मेगाबाइटच्या पुढे सहसा लिहीत नाही. तिला अडीच गिगाबिट पुरून उरतं. दोन्ही टोकांना एसएसडी (न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्क) असतील, तरच दहाच्या नादी लागावं.

खोक्यावरच्या आकड्यांचं म्हणाल, तर ‘४० गिगाबिट क्षमता’ वाचून भारावून जाऊ नये. आठ पोर्ट गुणिले अडीच म्हणजे वीस, आणि येणारं नि जाणारं वेगळं धरून दुप्पट. हा आकडा त्याहून कमी असता तर मात्र कपाळाला आठी घालावी.

आता उष्णता. शांत स्विच निवडताना लोक डेसिबल शोधतात. शोधायचे असतात वॉट. दहा गिगाबिट तांब्यावरून न्यायचं तर केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलावं लागतं. प्रत्येक चिपला स्वतःचाच प्रतिध्वनी आणि शेजारच्या जोडीची कुजबुज सतत वजा करत बसावं लागतं. ही वजाबाकी गरम असते. आजच्या चिपांनाही तांब्याच्या दहा गिगाबिट पोर्टमागे दोन-तीन वॉट लागतात. असे आठ पोर्ट म्हटले की वीसेक वॉट नुसते बोलण्यात गेले, मधल्या मुख्य चिपचं वेगळंच. मग एवढ्याशा डबीत पंखा आला. उलट अडीच गिगाबिटचे आठ पोर्ट सगळं मिळून दहा-बारा वॉटच्या आत बसतात, आणि तेवढी उष्णता धातूचं अंग नुसतं उभ्या-उभ्या हवेत सोडून देतं. बिनपंख्याच्या अडीच गिगाबिट डब्या आज मुबलक आहेत, त्या यामुळेच.

दहाच हवं असेल आणि शांतताही हवी असेल, तर तांब्याचा चौकोनी प्लग सोडून एसएफपी-प्लसच्या, म्हणजे सुटं मॉड्यूल आत सरकवायच्या, खाचांकडे वळायचं. दोन-तीन मीटरच्या अंतरात दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवूनच आलेली डॅक केबल घालावी. ती तांब्याचीच असते, पण तिच्यात ती वजाबाकी नसते, त्यामुळे तिला वीज जवळजवळ लागतच नाही. लांब जायचं तर फायबर. त्याचं मॉड्यूल साधारण एका वॉटच्या आत भागवतं आणि ओएम-३ प्रतीच्या काचेच्या तारेवर ३०० मीटरपर्यंत जातं, म्हणजे घराच्या मानानं अनंत. या जातीतली ओळखीची डबी म्हणजे मायक्रोटिक कंपनीची सीआरएस ३०५. दहा गिगाबिटच्या चार खाचा, एक गिगाबिटचं एक पोर्ट, पंखा नाही, तळहाताएवढी.

गोची होते ती पुढे. भिंतीत तांब्याची केबल आधीच आहे म्हणून माणूस या खाचांत तांब्याची मॉड्यूलं खुपसतो. खाच आखलेली असते एक-दीड वॉटच्या पाहुण्यासाठी, आणि येऊन बसतो अडीच वॉटचा. एक चालतं. चारही खाचांत चार भरली की ती एकमेकांना शेकत बसतात, बोट लावून ठेववत नाही, आणि तासाभरात एखादं पोर्ट बंद पडतं, थंड झालं की परत उठतं. लोक मग केबल बदलतात, ड्रायव्हर बदलतात, राउटरला नावं ठेवतात. अशी मॉड्यूलं बिनपंख्याच्या डबीत एकाआड एक खाच सोडून बसवावीत, असं बनवणारेच सांगतात. आणि त्यांतली बरीच मॉड्यूलं दहा गिगाबिटला ३० मीटरपुरतीच असतात. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे नंतर वाचायचं असतं.

ऑफिसातून उतरलेला मोठा रॅकचा स्विच स्वस्तात मिळतो, त्याचा मोह टाळावा. रॅकच्या एका कप्प्याची उंची ४४.४५ मिलिमीटर, म्हणून आत पंखा मावतो ४० मिलिमीटरचा, आणि एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर त्यानं मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरायला हवं. तिथून ती शिट्टी येते. पंखे बदलून तो गप्प करणारे बहाद्दर आहेत. वेग निम्मा केला की आवाज १५ डेसिबलनं उतरतो, हे खरं. पण हवाही निम्मी होते. शिवाय पंख्याची तिसरी तार फेऱ्यांची खबर स्विचला देत असते. फेऱ्या कमी दिसल्या की काही स्विच पंखा मेला असं धरून लाल दिवा लावतात नि बोंब ठोकतात. काहींच्या प्लगमध्ये तारांचा क्रमही निराळा असतो, सरळ खुपसला तर नवा पंखा जळतो.

पंखा नाही म्हणजे आवाज नाही, असंही नाही. बिनपंख्याच्या डबीलाही कधी कधी दात असतात. व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटातली गुंडाळी बारीक थरथरते आणि ‘चीं’ असा आवाज येतो. मोठी फाइल सुरू झाली की सूर बदलतो. बरेचदा दोषी डबी नसतेच, तिचा ॲडॉप्टर असतो. दोन्ही आलटून पालटून कानाशी धरून पाहावेत. ॲडॉप्टर निघाला तर दुसरा लावावा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि टोकाचं धन-ऋण जुळतं का ते आधी बघून.

केबलीतूनच वीज देणारा स्विच, म्हणजे पीओई, घेताना दोनदा विचार करावा. छतावरच्या एका ॲक्सेस पॉइंटसाठी आठ पोर्टांचा पीओई स्विच घेतला की मोठा पॉवर सप्लाय आला, त्याची उष्णता आली, आणि मागोमाग पंखा आलाच. एकाच यंत्राला वीज द्यायची तर सुटा इंजेक्टर, म्हणजे केबलीत वीज सोडणारी छोटी डबी, लावावा आणि स्विचला आपला गरीब राहू द्यावा.

आकाराबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे. खोक्यावर लांबी-रुंदी लिहितात ती रिकाम्या डबीची. पोर्ट पुढे आणि विजेचं भोक मागे असेल, तर पुढे प्लग नि केबलीच्या वळणाला पाचेक सेंटिमीटर, मागे तीनेक. दहा सेंटिमीटरची डबी अठरा सेंटिमीटर जागा खाते. केबलीला तिच्या जाडीच्या चौपटीहून लहान वळण देऊ नये, त्यामुळे कोंबूनही चालत नाही. आणि डबी प्लास्टिकची, हलकी असेल तर आणखी मजा. पाच ताठ कॅट-६-ए केबली लावल्या की ती टेबलावर राहतच नाही. एक कोपरा उचलून, मान तिरकी करून, स्वतःच्याच तारांवर अधांतरी टेकून असते. जड, धातूची, मागे स्क्रूला अडकवायची भोकं असलेली डबी घ्यावी ती एवढ्यासाठी. भिंतीवर उभी टांगली की हवा खालून वर सरकते आणि अंग आणखी निवतं. तिच्यावर राउटर ठेवू नये, राउटरवर तिला ठेवू नये, बंद ड्रॉवरमध्ये तर नकोच. आतल्या कपॅसिटरांचं आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे.

मॅनेज्ड (आतली मांडणी आपल्याला बदलता येते तो) की साधा, यावर रात्र-रात्र वाद झडतात. पाहुण्यांचं नि कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं काढायचं असेल तर मॅनेज्ड, नाहीतर साधा. फक्त साध्यात एकाच केबलीची दोन्ही टोकं चुकून त्याच डबीत लावू नयेत. मजकूर गोल-गोल फिरत वाढत जातो आणि मिनिटभरात अख्ख्या घराचं नेट बसतं. झाडलोट करताना मोकळं लोंबणारं टोक कुणीतरी सद्हेतूनं जवळच्या भोकात खोचतं, तेव्हा नेमकं हेच होतं.

आणि सगळं जोडून झाल्यावर दिव्यांकडे एकदा बघावं. अडीच गिगाबिटची हौस करून पोर्ट १०० मेगाबिटवर येऊन बसलेलं असू शकतं. केबलीच्या चार जोड्यांपैकी एखादी प्लगमध्ये नीट टेकली नसली, तर बरेचदा दोन्ही टोकं आपापसात समजुतीनं खाली उतरतात, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात. तक्रार कुणीच करत नाही. फक्त हिरव्याऐवजी नारिंगी दिवा लागतो, किंवा उलट. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा. प्लग नव्यानं ठोकला की बहुतेक वेळा काम होतं.

ते दिवे रात्री डोळ्यांत खुपतात, विशेषतः निळे. काही डब्यांत मागे दिवे मालवायची कळ असते, नसेल तर काळी चिकटपट्टी आहेच. पट्टीखाली ते लुकलुकत राहतात. कुठल्या पोर्टवर कोण राहतं, हे डबीनं कोष्टकात लिहून ठेवलेलं असतं. कुणी बोललं की त्याचं नाव ताजं होतं, आणि साधारण ३०० सेकंद कुणी अवाक्षर काढलं नाही की त्याचं नाव खोडलं जातं. मग त्याच्यासाठी काही आलं, तर ती सगळ्या दारांवर जाऊन विचारते. त्यानं हूं म्हटलं की पुन्हा लिहून घेते.

तर पंखा गेला, ॲडॉप्टर बदलला, पट्टी लागली. दुपार झाली, फ्रिज थांबला. आणि आता नॅसमधल्या हार्ड डिस्कची खरखर स्वच्छ ऐकू येते. आधी ती पंख्याखाली दबलेली होती.